रोकडेकाकांचा बोलणारा डबा

कॉम्प्युटरचे स्पीकर घ्यायला जाताना माणसं खिशात काय नेतात? फोन नेतात, फार तर घडी केलेली पिशवी. आमचे रोकडेकाका शर्टाच्या खिशात लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि पँटच्या खिशात साबुदाण्याची डबी नेतात.

हा प्रकार मी पहिल्यांदा ठाण्याला नौपाड्यात, भावेशच्या दुकानात पाहिला. भावेशने काउंटरवर एक टू पॉइंट वन मांडला. टू पॉइंट वन म्हणजे खालचा जाड आवाज काढणारा एक मोठा डबा, ज्याला दुकानदार सबवूफर म्हणतात, आणि वरच्या आवाजांसाठी दोन लहान स्पीकर. गाणं सुरू झालं. काकांनी गाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी भावेशच्या टिफिनचं झाकण मागून घेतलं, ते डब्यावर उताणं ठेवलं आणि त्यात चिमूटभर साबुदाणा टाकला. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्याच्या अंगाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. साबुदाणा झाकणात उड्या मारायला लागला. दोन मिनिटांत निम्मे दाणे भावेशच्या की-बोर्डांवर पसरले आणि पेन ड्राइव्ह घ्यायला आलेली गिऱ्हाइकं पेन ड्राइव्ह विसरून बघत उभी राहिली.

"खोकतो," काका डोळे उघडून म्हणाले. "पुढचा काढ."

"अहो काका, टॉप मॉडेल आहे हा! ब्लूटूथ आहे, रिमोट आहे, लाइट पण आहे बघा, रंग बदलतो."

"लाइट घरी आहे माझ्याकडे. पुढचा काढ."

भावेशने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काकांना मीच जन्माला घातलं होतं. मी नुसती सोबत गेलेले. काकांना रिक्षाने एकटं सोडायला मला जिवावर येतं, कारण रिक्षावाल्याशी ते इंजिनाच्या आवाजावरून वाद घालतात.

काका ठाकुर्लीला आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या समोरच्या दारात राहतात. उंच, सडपातळ, शर्ट नेहमी इस्त्रीचा. सकाळी जिन्यात भेटले की एवढ्या खणखणीत आवाजात "जय भीम!" म्हणतात की खालच्या मजल्यावरचं मांजर जागं होतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात, प्रेसशॉपमध्ये, त्यांनी अख्खी नोकरी फिटर म्हणून काढली. मोठमोठी यंत्रं पत्रा ठोकत असायची, आणि त्यातल्या एखाद्या यंत्राच्या पोटात काही बिघडलं की काकांना बोलावणं यायचं. ते तोच स्क्रूड्रायव्हर यंत्राला लावायचे, मूठ कानाला, आणि सांगायचे, "डावीकडचं बेअरिंग जातंय. परवापर्यंत टिकेल." ते परवापर्यंत टिकायचं.

निवृत्त झाल्यावर यंत्रं सुटली, सवय सुटली नाही. बिल्डिंगचा पाण्याचा पंप, लिफ्टची मोटर, कुणाचा मिक्सर, कुणाचा पंखा, सगळ्यांच्या छातीला काकांचा स्क्रूड्रायव्हर लागलेला आहे. फ्रीज घ्यायचा तर काकांना घेऊन जा, ही आमच्याकडे रीतच पडली. त्यांच्या स्वभावाचे दोनतीन कंगोरे आम्ही त्यापायी चालवून घ्यायचो. मागून हाक मारलेली त्यांना खपत नसे. "तोंड दाखवून बोल," म्हणायचे. सेक्रेटरीलासुद्धा म्हणायचे. घराचं दार दिवसभर उघडं. मला वाटायचं, माणूस कसा मोकळाढाकळा आहे!

तर या काकांनी यंदा दिवाळीनंतर एकाएकी जाहीर केलं की मला कॉम्प्युटरचे स्पीकर घ्यायचेत, डब्यासकट. कॉम्प्युटर त्यांच्याकडे नव्हता. मी तसं म्हटलंही.

"कॉम्प्युटर काय, मिळतो कुठेही," ते म्हणाले. "तुझा जुना लॅपटॉप पडलाय ना माळ्यावर?"

मग सुरू झाली वरात. ठाण्यात तीन दुकानं, डोंबिवलीत स्टेशनबाहेर चार, कल्याणात किती ते मीच विसरले. दोन हजारांच्या वर जायचं नाही, हा नियम. "दोन हजारांत जो बोलत नाही, तो वीस हजारांत नुसता ओरडतो," हे त्यांचं वचन. दुकानात शिरल्यावर आधी डबा उचलून बघायचा. हलका लागला तर खाली. मग बोटाच्या पेराने टकटक. प्लॅस्टिकचा असेल तर तोंड वाकडं. लाकडी असेल तरच साबुदाणा बाहेर यायचा. दाणे जागच्या जागी नाचले पाहिजेत, झाकणाबाहेर गेले की डबा नापास.

डब्यांच्या त्यांनी तीन जाती पाडल्या होत्या. खोकणारे, ढेकर देणारे आणि बोलणारे. ढेकर देणारा म्हणजे ज्याचा ठोका पडून गेल्यावरही मागे आवाज रेंगाळत राहतो. "जेवण झालं, पान खाल्लं, तरी हा आपला सुरूच," काका म्हणायचे. बोलणारा अजून भेटायचा होता. आणि ते दोन लहान स्पीकर? त्यांना काका पिल्लं म्हणत. पिल्लांकडे ते बघतही नसत. "आईला बघावं. आई धड असली की पिल्लं धडच निघतात."

हे वाक्य आमच्या बिल्डिंगमध्ये फार गाजलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ते मुलाच्या लग्नाच्या बोलणीतही वापरलं.

माझा विश्वास तर इतका की स्वतःसाठीही मी काकांच्याच पसंतीचा सेट उचलला. मी घरून काम करते, विमा कंपनीचे दावे तपासते, दिवसभर मीटिंगा. भावेशकडचा एक डबा काकांच्या मते "बोलणारा नाही, पण पुटपुटणारा" होता. तो ते ऐकत होते तेव्हा मी ऑफिसच्या फोनवर दुकानाबाहेर उभी होते. घरी आणला, जोडला. सोमवारी मीटिंग सुरू झाली आणि आमच्या साहेबांच्या तोंडून "हुंऽ हुंऽ गुरूम गुरूम" याशिवाय काही बाहेर पडेना. साहेब हातवारे करतायत, सगळे माना डोलावतायत, म्हणून मीही मान डोलावली. नंतर कळलं की ज्याला मान डोलावली ते पुढच्या तीन रविवारचं जादा काम होतं.

पिल्लं मेलेली होती. दोन्ही. वायर आतूनच तुटलेली. डबा एकटा गुरगुरत होता.

मी तणतणत समोरच्या दारात गेले. काका पाठमोरे बसले होते. "काका, असले कसले स्पीकर दिलेत पसंत करून? पिल्लं वाजतच नाहीत! दुकानात तुम्ही तासभर ऐकत होतात!" काका पेपर वाचत राहिले. मी पुन्हा ओरडले. त्यांनी पान उलटलं. तिसऱ्यांदा ओरडण्याआधी मी थांबले. दाराशी उभी राहून, सात वर्षं शेजारी राहणारी मी, पहिल्यांदा त्या माणसाच्या पाठीकडे नीट बघत होते.

मी पुढे जाऊन समोर उभी राहिले, आणि तोंड दाखवून सगळं परत सांगितलं. या वेळी हळू.

"पिल्लं वाजत नव्हती?" काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"नाही, काका."

"दुकानातपण नव्हती?"

"तुम्हाला कळलं नाही?"

त्यांनी पेपरची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. "प्रेसशॉपने कान खाल्ले गं माझे," ते म्हणाले. "वरचे आवाज केव्हाच गेले. बेल नाही, शिट्टी नाही, पाखरं नाहीत. बायामाणसांचं बोलणं ओठांवरून उचलतो. खालचं शिल्लक आहे, ढोल, मोटर, पंप. तेवढ्यावर गाडी चाललीय." मशीन का लावत नाही कानाला, असं मी विचारलं, तर कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "आहे आत. लावलं की कानात कुणी भांडी आपटतंय असं वाटतं."

मला माझाच राग आला. दार उघडं का असतं, मागून हाक का खपत नाही, सगळं समोर होतं आणि मी त्याला स्वभाव म्हणून मोकळी झालेले.

"मग स्पीकरचा हट्ट कशाला, काका?"

तेव्हा मितूचं निघालं. मितू ही त्यांची नात, नाशिकला असते, कॉलेजात आहे आणि तबला वाजवते. काकांचे वडील गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे. काकांच्या हातात ती कला अर्धीमुर्धी उतरली, पण मितू लहान असताना तिला मांडीवर बसवून रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर पहिले बोल त्यांनीच शिकवले. आता ती काही वाजवलं की फोनवर ऐकवते आणि विचारते, "आजोबा, डग्गा कसा झाला?" फोनच्या एवढ्याशा भोकातून डग्गा, तो डाव्या हाताचा जाड घुमारा, काही येत नाही. काका दरवेळी म्हणतात, "छान!" गेल्या खेपेला त्यांनी असंच "छान!" म्हटलं, आणि नंतर तिच्या आईच्या मेसेजवरून कळलं की मितू वाजवतच नव्हती, ताप आलाय हे सांगत होती.

"फोन ठेवून दिला तिने," काका म्हणाले. "तिच्या आईला म्हणाली, आजोबा माझं ऐकतच नाहीत. आता महिनाअखेरीला कॉलेजात एकटीचं वादन आहे तिचं. ते लोक कॉम्प्युटरवर दाखवणार आहेत. मला एकदा ऐकायचंय गं. खरं खरं."

"तिला सांगून टाका ना कानांचं."

"आणि मग तिने विचारायचंच बंद केलं तर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा भावेशच्या दुकानात हजर झालो. या वेळी कामाची वाटणी केली. खालचं काका बघणार, वरचं मी. भावेशने आम्हाला बघून टिफिनचं झाकण न मागताच पुढे केलं. चार डबे खोकले, दोघांनी ढेकर दिले. मग त्याने मागच्या फळीवरून धूळ खात पडलेला एक काळा, चौकोनी, जडशीळ डबा काढला. लाइट नाही, रिमोट नाही. "हा कोणी घेत नाही काका, दिसायला बेकार आहे." साबुदाणा टाकला. ठोका पडला की दाणे उडायचे, ठोका संपला की गप बसायचे. एक दाणा बाहेर गेला नाही. काकांनी डोळे मिटले ते उघडेचनात.

"पिल्लं?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. मग स्वतःच हसले, डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

"ठणठणीत," मी म्हटलं.

"बोलतो हा," काका म्हणाले. भावेशने चक्क हात जोडले.

वादन रविवारी दुपारी होतं. साहेबांच्या जादा कामाला मी डोकेदुखी सांगून टाकली. माझा जुना लॅपटॉप काकांच्या टेबलावर, काळा डबा त्यांच्या शेजारी खुर्चीत, माणसासारखा. काकांनी नवा शर्ट घातलेला. मितू पडद्यावर आली, तिने तबला लावून घेतला आणि सुरुवात केली. काकांनी दोन्ही तळवे डब्यावर सपाट ठेवले.

डावा हात त्यांना मिळत होता. चेहऱ्यावर दिसत होतं. डग्गा घुमला की भुवया वर जायच्या. पण मधूनच उजव्या हाताचं काम आलं, नुसत्या बारीक बोटांचं, आणि काकांचा चेहरा वाट हरवल्यासारखा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता काय करतेय ती?"

मला तबल्यातलं ओ की ठो कळत नाही. मी त्यांचा दंड धरला आणि ऐकू येईल तसं बोटाने त्यावर वाजवायला लागले. टकटक, टकटकटक. काकांनी मान हलवली, पुन्हा पडद्याकडे वळले. डावा हात डब्यातून आणि उजवा माझ्या बोटातून, असं आम्ही दोघांनी मिळून ते सगळं वादन त्यांच्यापर्यंत पोचवलं. मी फार चुकत होते. त्यांनी एकदाही हटकलं नाही.

शेवटी तिहाई आली. एकच तुकडा तीनदा वाजवून थांबायचं, एवढं मला काकांनी आधी शिकवलं होतं. मितू थांबली, सभागृहात टाळ्या झाल्या. काका मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते.

थोड्या वेळाने तिचा व्हिडिओ कॉल आला. घामाने डबडबलेली, मागे मैत्रिणींचा कल्ला. काका पुढे वाकून तिच्या ओठांकडे बघत होते. ती सवयीने, फारशी आशा नसल्यासारखं म्हणाली, "आजोबा, डग्गा कसा झाला?"

"तिहाईत दुसऱ्या खेपेला उशीर केलास," काका म्हणाले. "डावा हात मागे राहिला तुझा."

मितूने मागच्या मैत्रिणींना हाताने थांबवलं. मला वाटलं, गेलं सगळं! पोरीचं एवढं कौतुक चाललंय आणि म्हाताऱ्याने हे काय काढलं! ती पडद्याच्या इतकी जवळ आली की तिचे नुसते डोळे दिसायला लागले.

"राहिला होता," ती म्हणाली. "सरांनासुद्धा कळलं नाही, आजोबा. तुम्ही ऐकलंत?"

काका खुर्चीतून उठले. माझा दंड त्यांनी एवढ्या जोरात धरला की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता. डोळे भरलेले, तोंडभर हसू, आणि उघड्या दारातून तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "चुकली गं! माझी मितू चुकली!"