प्रमाणित बोट

अकोल्याच्या लोकोपकारक सूतिकागृहात १९६२ साली एक नियम होता. गर्भाशयाचे तोंड तीन बोटे उघडल्याची नोंद झाल्याशिवाय कोणत्याही बाईला खाट मिळत नसे. नियमामागचा हेतू चांगला होता. खाटा आठ होत्या आणि बाया पुष्कळ. खाट आधी कोणाला द्यावी हे ठरवायला काहीतरी मोजणे भाग होते, आणि कळा मोजता येत नाहीत हे व्यवस्थापक मंडळाच्या लक्षात आले होते. मंडळात अकरा सभासद होते. त्यांपैकी एकालाही कधी कळा आलेल्या नव्हत्या, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

बार्शीटाकळीच्या प्राथमिक शाळेतले मास्तर देवमन यांची बायको शालू नववा महिना लागल्यापासून दर मंगळवारी तपासणीला येत होती. तिचे पहिले लेकरू घरी, जमिनीवर, निम्म्या आळीच्या देखत झाले होते. दुसरे खाटेवर आणि दार लावून व्हावे, एवढीच तिची इच्छा होती. पहिल्या मंगळवारी सिस्टर तारा यांनी आतून पाहणी करून कार्डावर लिहिले, ‘तोंड बंद’, आणि सांगितले, "पुढच्या मंगळवारी या." दुसऱ्या मंगळवारी लिहिले, ‘अर्धे बोट’, आणि सांगितले, "पुढच्या मंगळवारी या." तिसऱ्या मंगळवारी ‘एक बोट’ झाले.

"पुढच्या मंगळवारी या."

"बाई, बंद असलं तरी मंगयवार, उघडं असलं तरी मंगयवार," शालू लुगडे सावरत म्हणाली. "मंग पायता काहून?"

"कार्डावर जागा आहे ना," सिस्टर म्हणाल्या. त्या खोटे कधीच बोलत नसत.

चौथा मंगळवार यायच्या आत, शनिवारी पहाटे शालूला कळा सुरू झाल्या. देवमन मास्तर तिला घेऊन पहिल्या एसटीने अकोल्याला आले आणि नऊ वाजता सिस्टरांनी पाहणी केली. दोन बोटे. खाटेला एक बोट कमी पडले. शालूला व्हरांड्यातल्या बाकावर बसवण्यात आले. समोरच्या खोलीत सात नंबरची खाट रिकामी होती आणि तिच्यावर धुतलेली चादर घातलेली होती. ती शालूला बाकावरून स्पष्ट दिसत होती.

सिस्टरांनी ‘२ बोटे’ असे लिहून फॉर्म कचेरीत पाठवला, आणि तो तिथून परत आला. फॉर्मबरोबर हेडक्लार्क हरिहरपंत स्वतः आले होते.

"हे चालणार नाही," ते म्हणाले. "कालच परिपत्रक आलं. यापुढे सगळी मापं मेट्रिक. शेर गेला, तोळा गेला, इंच गेला. बोट तर कायद्यात कधी नव्हतंच."

"मग काय लिहू?"

"सेंटिमीटर."

डॉक्टर चारुशीलाबाई फेरीवर आल्या होत्या. त्या हुशार होत्या आणि त्यांना घाई होती. "सोपं आहे," त्या म्हणाल्या. "बोटाची जाडी मोजा आणि गुणा."

मोजायला पट्टी हवी होती. ती देवमन मास्तरांच्या पिशवीत निघाली. मास्तर नव्या मापांचे मोठे अभिमानी होते. चौथीच्या मुलांकडून ते रोज दशमानाचे कोष्टक म्हणवून घेत. आपल्या बायकोच्या बाळंतपणात शास्त्राचा उपयोग होतो आहे हे पाहून त्यांना भरून आले. त्यांनी आदराने सिस्टरांचे बोट पट्टीवर ठेवले. एक पूर्णांक चार दशांश. म्हणजे शालू २.८ उघडली होती.

"पण खाटेसाठी तीन बोटं म्हणजे किती?" हरिहरपंतांनी विचारले. "कोणाची तीन?"

हा प्रश्न आजवर कोणाला पडला नव्हता. डॉक्टरबाईंचे बोट मोजले, ते एक पूर्णांक आठ दशांश भरले. आता एकाच बाईला सिस्टरांच्या हाताने ४.२ला खाट मिळणार होती आणि डॉक्टरांच्या हाताने ५.४ला. खात्री करण्यासाठी डॉक्टरबाईंनी शालूची पुन्हा पाहणी केली. दोन बोटे, म्हणजे ३.६. हरिहरपंतांनी समाधानाने आकडा टिपला, कारण पंधरा मिनिटांत आठ मिलिमीटर प्रगती झाली होती. या वेगाला दोन सह्या असाव्यात म्हणून त्यांनी सिस्टरांना पुन्हा पाहायला सांगितले. दोन बोटे, म्हणजे २.८.

हरिहरपंतांचा चेहरा पडला. "हे तर मागे गेलं."

"मागे जात नसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नोंद तशी आहे. पेशंटकडून खुलासा घ्यावा लागेल."

खुलासा मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहून दिला: ‘मी खाली सही करणार शालू देवमन, माझ्याकडून आठ मिलिमीटरची जी घट झाली ती हेतुपुरस्सर नसून पुढे असे होणार नाही.’ कागद बाकावर नेऊन त्यांनी टाक पुढे केला.

"आता कायची सही?" शालूने दात आवळून विचारले.

"तुही प्रगती मागे गेली म्हनतेत. घाबरू नको, मी नीट लिवलं."

"तुमी जरा इकडं बसता का, माह्यापाशी?"

"बसतो ना. बोटाची सरासरी काढून राह्यलो. तेवढं झालं का आलोच."

शालूने सही केली. ‘देवमन’मधला न कागदाच्या काठापर्यंत ओढत गेला.

चतुराबाई ही सूतिकागृहाची जुनी दाई. पगारपत्रकात तिचे पद ‘आया’ असे होते. फरशी पुसता पुसता तिने बाकाकडे पाहिले आणि फडके बादलीत टाकून कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"डॉक्टरबाई, तिले खाटेवर घ्या. वेळ आली."

"किती सेंटिमीटर?" हरिहरपंतांनी विचारले.

"ते मले काय माईत? मंगानपरेन बोलून राह्यली होती, आता बोलत नाही. पायाची बोटं आखडून राह्यली. माशी नाकावर बसली त उडवत नाही."

"माशीला फॉर्ममध्ये रकाना नाही, चतुराबाई."

"मंग फॉर्मले बाळंत करा," चतुराबाई म्हणाली आणि परत गेली.

तिच्या बोलण्यात तथ्य असू शकते असे डॉक्टरबाईंना क्षणभर वाटले. पण त्याच क्षणी प्रमाणित बोटाचा प्रश्न निकालात निघत होता. संस्थेतील सर्वांच्या बोटांची सरासरी काढावी असे ठरले होते. सेवाज्येष्ठतेनुसार हरिहरपंतांचे बोटही त्यात धरणे प्राप्त होते. त्यांनी आयुष्यात पाहणी अशी कोणाची केलेली नव्हती, पण त्यांचे बोट संस्थेत सर्वांत जुने होते. मास्तरांनी सुचवले की सरासरी निघाली की त्या जाडीचे सागवानी बोट सुताराकडून करून घ्यावे, म्हणजे पुढे वाद राहणार नाही. सूचना सर्वांना आवडली. लाकडाला पॉलिश असावे की नसावे, यावर चर्चा सुरू झाली.

पॉलिश असावे असे ठरत असतानाच लेकराचे रडणे ऐकू आले.

सगळे धावले. सात नंबरच्या खाटेच्या खोलीचे दार आतून लावलेले होते. चतुराबाईने ते हवे तेवढा वेळ घेऊन उघडले. खाटेवर शालू होती, छातीशी लेकरू होते, नाळ नीट बांधलेली होती. घड्याळात अकरा वाजायला दहा मिनिटे होती. डॉक्टरबाईंनी दोघांना पाहिले, सगळे ठीक होते, आणि त्या मनापासून हसल्या. साधारण अर्धा मिनिट सूतिकागृहात आनंद होता.

"शेवटची अधिकृत नोंद २.८," हरिहरपंत दारातून म्हणाले. "पुढचे चार रकाने रिकामे आहेत. दहा सेंटिमीटरशिवाय मूल बाहेर येत नाही, असं छापील सूचनांत आहे. उद्या तपासणी अधिकारी विचारतील, आलं कुठून?"

डॉक्टरबाईंनी फॉर्मकडे पाहिले, हातमोज्यांकडे पाहिले आणि मग शालूकडे.

"शालूबाई, एकदा शेवटचं..."

"डॉक्टरबाई," शालू म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज शांत होता. "पायलं ते लय झालं. चार डाव पायलं असतं त लेकरं चार झाले असते का?"

डॉक्टरबाईंनी हातमोजे खिशात ठेवले. आज सकाळी केलेल्या तीन पाहण्यांपैकी एकीमुळे तरी आपण काही वेगळे केले का, याचा विचार त्या जिना उतरताना करत होत्या. परंतु तो विचार खाजगी होता, म्हणून त्याची नोंद नाही.

रकाने हरिहरपंतांनी भरले. २.८पासून दहापर्यंत चार समान भाग पाडले: ४.६, ६.४, ८.२, १०.०. मास्तरांनी बेरीज तपासून बरोबर असल्याचे सांगितले. एक अडचण उरली. रकाने सकाळी नऊपासून दोन-दोन तासांचे होते; त्यामुळे दहा सेंटिमीटर संध्याकाळी पाचला पूर्ण होत होते आणि अकराला दहा कमी असताना झालेले मूल त्याआधी नोंदवता येत नव्हते. म्हणून त्याचा जन्म पाच वाजून पाच मिनिटांनी झाला. स्वयंपाकघरात बाळंतिणीचा शिरा प्रसूतीच्या नोंदीनंतरच मिळत असल्याने शालूला दुपारी गरोदर बाईची भाकरी-भाजी देण्यात आली. चतुराबाईने घरून शिरा आणला. तो नियमबाह्य असल्याने पाहुण्यांचा म्हणून आत आला.

शालूचा फॉर्म तपासणीत इतका स्वच्छ आढळला की त्याची प्रत नमुना म्हणून अमरावतीला गेली. तिथल्या सूतिकागृहात आता प्रत्येक बाई दर दोन तासांनी एक पूर्णांक आठ दशांश सेंटिमीटर उघडते, आणि बाळे पाचच्या सुमारास होतात. रात्री कोणी होत नसल्याने रात्रपाळीची गरज तपासून पाहावी, असा प्रस्तावही विचाराधीन आहे.

वाचकांच्या मनात एव्हाना प्रश्न आलाच असेल: मुलगा झाला की मुलगी, आणि वजन किती भरले? दोन्हींचे रकाने फॉर्ममध्ये आहेत आणि नीट भरलेले आहेत. टपालहशील पाठवल्यास नक्कल मिळेल. आतापर्यंत एकशे बारा जणांनी ती मागवली आहे. शालू कशी आहे, असे कोणी विचारले तर मात्र बार्शीटाकळीला माणूस पाठवून विचारावे लागेल. त्यासाठी अजून कोणाला पाठवावे लागलेले नाही. तुम्हीही नक्कलच मागवणार होता.