सुन्न ओठांचा सौदा

जुलैच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, हेरन्स संघाचे जनरल मॅनेजर डेस्मंड कोवालचिक दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत उताणे पडले होते आणि पोटावर ठेवलेला त्यांचा फोन दर दोन मिनिटांनी थरथरत होता.

बेसबॉलच्या धंद्यातला माणूस या दिवशी दात दाखवायला जात नाही. संध्याकाळी पाचला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्यानंतर जो ज्याच्या पदरात, तो मोसमभर त्याच्याच पदरात. पण जेवताना मक्याच्या कणसाचा मोठा लचका तोडायला गेले आणि कोवालचिकांची दाढ मधोमध चिरली. तासभर त्यांनी कळ सोसली. मग एका सहकाऱ्याला ‘हॅलो’ म्हणण्याऐवजी ते नुसतेच किंचाळले, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना गाडीत घातलं.

कोवालचिक या संघात तिकीटखिडकीवर लागले होते. पुढे बारा वर्षं शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर लाकडी बाकड्यांवर बसून त्यांनी होतकरू पोरं हेरली. जनरल मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत ते पोचले ते बोलण्याच्या जोरावर. रुसलेल्या खेळाडूला ते दहा मिनिटांत हसवत, आणि समोरच्या संघाचा माणूस फोन ठेवल्यावर विचार करत बसे की आपण नक्की काय कबूल केलं.

यंदा मात्र खुर्ची डळमळीत होती. संघाच्या मालकीणबाई हॅटी ओबरहोल्टझर यांनी सकाळीच बजावलं होतं, "डेस्मंड, आज पाचपर्यंत मला डावखुरा पिचर हवा. नाहीतर उद्या मी नवा मॅनेजर बघते. आणि आपल्या फार्नेलला हात लावायचा नाही. समजलं?"

फार्नेल म्हणजे संघाचा अडतीस वर्षांचा कॅचर, पिचरने फेकलेला चेंडू उकिडवं बसून झेलणारा. गुडघे गेलेले, पण गावाचा जीव की प्राण. गावात तीन कुत्री त्याच्या नावाची होती. कोवालचिकांना द्यायचा होता पार्नेल. हा पार्नेल धावायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त. तो देऊन दुसऱ्या एका संघाचा मॅनेजर रे टॉलिव्हर याच्याकडून किंटेरो नावाचा डावखुरा घ्यायचा, असा बेत होता. टॉलिव्हरला अजून नाव सांगितलं नव्हतं. "चारनंतर सांगतो," एवढंच म्हणून त्याला टांगून ठेवलं होतं.

फोन पुन्हा थरथरला. टॉलिव्हरच होता.

"साहेब, इंजेक्शन आत्ताच दिलंय," डॉक्टर पिंकनी म्हणाले. "जरा थांबा की."

कोवालचिकांनी हातानेच त्यांना गप्प केलं आणि फोन कानाला लावला.

"हं, बोल डेस्मंड! कोण देतोयस?"

"फार्नेल," कोवालचिक म्हणाले.

खालचा ओठ सुन्न होऊन हनुवटीवर लोंबत होता. वरच्या ओठाशी त्याची गाठ पडेना, आणि ओठ मिटल्याशिवाय ‘प’ काही निघेना; निघे तो ‘फ’च.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग टॉलिव्हर हळू आवाजात म्हणाला, "फार्नेल? खरंच? अरे, आमच्या कॅचरचा अंगठा आज सकाळीच मोडला. तुला कुणी सांगितलं?"

"फार्नेल नाही!" कोवालचिक ओरडले. "फार्नेल! फार्नेल!!"

"कळलं रे बाबा, फार्नेल! ओरडू नकोस. एवढं मोठं मन तू दाखवशील असं वाटलं नव्हतं. किंटेरो तुझा. लगेच कागद पाठवतो. आणि हे बघ, आता शब्द फिरवायचा नाही हं!"

फोन बंद झाला. डॉक्टर पिंकनींच्या हातातला आरसा तबकात खणकन पडला.

"तुम्ही फार्नेलला देऊन टाकलंत?" ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "माझ्या दवाखान्यात बसून? माझ्याच इंजेक्शनवर?"

कोवालचिकांनी गळ्यातल्या कागदी लाळेऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘पार्नेल!!’ डॉक्टरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, मग मला बोलायला द्यायचं ना! आणा तो फोन इकडे."

पण टॉलिव्हरचा फोन लागेना. बेसबॉल संघटनेच्या कार्यालयातला तर सतत गुंतलेला. मुदतीच्या शेवटच्या तासात तिथे सगळ्याच संघांची झुंबड असते. बाईंना फोन लावायला कोवालचिकांनी जोरजोरात मान हलवून नकार दिला. डॉक्टरांनी सतरा वेळा फोन फिरवला. शेवटी लागला तेव्हा पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पाच वाजून एक मिनिट झालं, साहेब. तुमची अदलाबदल नोंदवली आहे. अभिनंदन!"

कोवालचिक लाळेऱ्यासकट मैदानाकडे धावले.

खेळाडूंच्या खोलीत फार्नेल एकटाच होता. बातमी त्याला कळली होती. बाकावर बसून तो आपले पॅड एकेक करून पिशवीत भरत होता. कोवालचिकांनी तोंड उघडलं. त्यातून थोडी लाळ आली आणि एक गोल, ओला आवाज आला. ते त्याच्या शेजारी मटकन बसले.

"तुम्ही काही बोलू नका, साहेब," फार्नेल म्हणाला. "आज मला बोलू द्या. मी तीनदा तुमच्याकडे आलो होतो. आठवतं?"

कोवालचिकांना आठवत होतं. तीनही वेळा त्यांनी ‘तू या गावाचा कणा आहेस’ असं भाषण करून त्याला दारापर्यंत पोचवलं होतं, आणि नंतर स्वतःवरच खूश झाले होते.

"मला तेव्हा सांगायचं होतं की मला घरी जायचंय. टॉलिव्हरचं गाव तेच माझं गाव. म्हातारा बाप एकटा राहतो तिथं. परवा मला फोनवर विचारत होता, कोण बोलतंय म्हणून. त्याच्या उशाशी बसून दोन महिने तरी काढावेत म्हटलं. पण तुम्ही इतकं छान बोलायचा, की माझं तोंडच उघडायचं नाही." त्याने पिशवीची चेन ओढली. "आज तुम्ही न बोलताच सगळं केलंत. उपकार झाले, साहेब."

असं म्हणून त्या धिप्पाड माणसाने कोवालचिकांना मिठी मारली. कोवालचिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढ दुखतेय की काय, ते त्यांना नीट कळलं नाही.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. ओबरहोल्टझरबाई आत आल्या आणि त्यांच्यामागून डझनभर वार्ताहर.

"डेस्मंड! माझ्या फार्नेलला विकलंस? दगडाच्या काळजाचा माणूस आहेस तू! मला एका शब्दानं विचारलंस का?"

"फाईसाहेभ..." कोवालचिक म्हणाले.

"बघा, तोंडातून शब्दही फुटत नाही!" बाई वार्ताहरांकडे वळून म्हणाल्या आणि काठी आपटत निघून गेल्या.

रात्रभर कोवालचिकांनी राजीनाम्याची वाक्यं मनात जुळवली. सकाळी ओठ ठिकाणावर आले, तसे ते थेट बाईंच्या घरी गेले. बाई व्हरांड्यात अंडं खात बसल्या होत्या. कोवालचिकांनी मक्याच्या कणसापासून लाळेऱ्यापर्यंत सगळं खरं सांगून टाकलं.

"झालं तुझं? बस. कॉफी घे," बाई म्हणाल्या. "अरे, मालकाच्या सहीशिवाय कागद पुढे सरकतो का? साडेचारला तो माझ्याकडे आला. चष्मा लावला, नाव दोनदा वाचलं आणि सही केली."

"तुम्ही सही केलीत?"

"फार्नेल वसंतातच माझ्याकडे येऊन गेला होता. बापाचं सगळं सांगितलं त्यानं. पण त्याला आपल्या हातानं घालवलं असतं तर या गावात मला कुणी ब्रेड तरी विकला असता का? तुला सांगितलं असतं, तर तू महिनाभर मला भाषण दिलं असतंस. मी आपली गप्प राहिले. म्हटलं, देव बघून घेईल."

"मग काल सगळ्यांसमोर मला दगडाच्या काळजाचा का म्हणालात?"

"कुणीतरी म्हणायलाच हवं होतं ना!" बाईंनी अंड्यावर मीठ भुरभुरलं. "माझ्या घराच्या खिडक्या बघ. एकसुद्धा फुटलेली नाही. तुझ्या घराच्या कशा आहेत?"

"दोन फुटल्या," कोवालचिक म्हणाले.

"दोनच ना? मग काचवाल्याला बोलाव, आणि आज किंटेरोला पहिल्या डावात उतरव."