वजा एक चरवी

आमच्या गल्लीतल्या सेतूरावांना तहान लागली, तर ते आधी तुमची विहीर मोजायचे, मग पाणी मागायचे. थट्टा करत नाही. दोरीला दगड बांधून आत सोडायचे, भिजलेली दोरी हातानं मोजायचे आणि ओठ हलवत राहायचे.

"रुंदी गुणिले रुंदी, गुणिले खोली, गुणिले पाच. झाले गॅलन! हजार गॅलनला अर्धा औंस पावडर. आधी पाणी किती ते सांगा अण्णा, मग औषध."

मी तिसरी शिकलेला माणूस. मला काय कळतंय? कुंभकोणमच्या विहिरींत जंतू मारायची ब्लीचिंग पावडर घालायची त्यांची सरकारी नोकरी होती. नोकरी संपली, सवय राहिली.

माझी बायको रुक्मा त्यांना बघितलं की पेटायची. पावडरीनं काप्पीला, म्हणजे कॉफीला, वास येतो म्हणून.

"आले पावडरवाले! घरात चूल पेटवायला माणूस नाही, लोकांच्या विहिरी नासवत हिंडतात!"

"तुमचं काप्पीचं पाणी आधी काढून घ्या, रुक्माक्का. मी थांबतो." आणि खरंच थांबायचे. बादलीत पावडर कालवून ठेवायचे. वरची निवळी विहिरीत, खालचा चुना मातीत. घाई नाही.

तिरुभुवनमच्या एका रेशीमवाल्यानं घरामागं पोहायचा हौद बांधला. देवळाच्या तळ्यासारख्या चारी बाजूंनी पायऱ्या. औषध किती घालायचं ते सांगायला सेतूरावांना बोलावलं. हे दिवसभर एकेक पायरी वजा करत बसले. मालकांचे गलेलठ्ठ जावई पाण्यात डुंबत होते. सेतूराव म्हणाले, "आधी जावयांना बाहेर काढा. ते आत असले की पाणी वर चढतं, माप खोटं होतं." जावई रुसले ते जेवलेच नाहीत. सेतूराव मात्र दोनदा पायसम खाऊन आले.

आमच्या विहिरीचं पान त्यांच्या वहीत होतं. त्यात खाली एक ओळ: वजा एक चरवी.

ती पितळी चरवी रुक्माची. तिरुविसनल्लूरहून, माहेराहून आणलेली. पाणी काढताना हातातून निसटली आणि तळाच्या गाळात गेली. रुक्मा रडली. विहीर उपसा म्हणाली.

मी म्हटलं, "एका चरवीसाठी कुणी विहीर उपसतं का? नवी आणतो."

आणली. तिनं ती फळीवर पालथी घातली ती कधी सुलटी केली नाही. मीही हट्टी. गेल्या थंडीत रुक्मा तापानं गेली. नवी चरवी अजून पालथीच आहे.

ती गेल्यापासून मी काप्पी केली नाही. विहिरीच्या काठावर बसून आत बघायचो, एवढंच काम.

यंदा वैशाखात कावेरी आटली, विहीर खाली गेली. एका सकाळी सेतूराव दोन गडी घेऊन दारात.

"माप चुकतंय अण्णा. सगळा घोळ त्या चरवीचा. विहीर उपसायला पाहिजे."

"एका चरवीनं चुकतंय?"

"एका चरवीनं! माप म्हणजे माप." माझ्याकडे न बघता बोलले.

गड्यांनी दुपारपर्यंत पाणी उपसलं. मग एक जण गाळात उतरला. चरवी वर आली, काळी, एका बाजूनं चेपलेली. सेतूरावांनी ती चिंचेनं घासली आणि माझ्यापुढं ठेवली. मोजली नाही. पाठ फिरवून दोरी गुंडाळत बसले.

शेजारी शाळामास्तर राहतात. संध्याकाळी त्यांना विचारलं, "चरवीनं विहिरीचं माप किती चुकतं हो?"

ते हसले. "पितळ ते कितीसं, अण्णा? अर्धी वाटी पाणी इकडचं तिकडं."

"हे सेतूरावांना माहीत नसेल?"

"त्यांना नाही तर कुणाला?"

जावयांना पाण्याबाहेर काढणारा माणूस. जन्मात एकच माप खोटं सांगितलं, तेही माझ्या दारात.

दोन दिवसांनी विहिरीला पाणी आलं. सेतूरावांनी मोजलं, निवळी सोडली. यंदा काप्पीचं पाणी आधी काढून घ्या असं जिला म्हणायचं, ती रुक्मा नव्हती. सकाळी मी रुक्माची चरवी भरून आणली, चूल पेटवली आणि त्यांना हाक मारली.

त्यांनी काप्पी हुंगली. "वास येतोय?"

"येतोय."

"मग औषध बरोबर पडलंय."

मी म्हटलं, "रुक्मा असती तर तुम्हाला शिव्या घातल्या असत्या."

"घातल्या असत्या," सेतूराव म्हणाले, आणि रिकामा पेला पुढं केला.