गळतीसाहेब वाचतात

वाचनालयात पुस्तक परत करायला गेलेल्या माणसानं पुस्तक परत करावं आणि मुकाट घरी यावं. गळतीसाहेबांनी तेवढं केलं असतं, तर त्यांच्या मेहुण्याला रजा टाकून धावत यावं लागलं नसतं. पण काउंटरपुढे रांग होती. पुढचे आजोबा ‘पान मी फाडलेलं नाही’ म्हणून हुज्जत घालत होते. उभ्या उभ्या करायचं काय, म्हणून साहेबांनी हातातलं पुस्तक मधूनच उघडलं.

(गळतीसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात फुटक्या पाइपांच्या तक्रारी त्यांच्याकडे येत, म्हणून हे नाव पडलं. आता डोक्यावरचे केस बघून नवे लोक त्याचा वेगळाच अर्थ लावतात.)

पुस्तक लेकीचं होतं. इजिप्तच्या पुराणकथांवर रचलेली, कुमारवयीन वाचकांसाठीची साहसमालिका. हा तिचा तिसरा भाग. या मालिकेबद्दल साहेबांचं मत घरात जाहीर होतं. “माणसाच्या धडावर कोल्ह्याचं डोकं! असलं वाचून मेंदूला बुरशी येते,” असं ते भर जेवणात म्हणाले होते. त्यावर लेक “हं” म्हणाली होती. लेकीला तेरावं लागल्यापासून बापाच्या वाट्याला तेवढंच येत होतं.

तर उघडलेल्या पानावर एक मुलगी मृतांच्या दरबारात उभी होती. तिचं हृदय तराजूच्या एका पारड्यात, दुसऱ्या पारड्यात एक पीस. हृदय जड निघालं, तर ते गिळायला मगरीच्या तोंडाची एक बया शेजारीच जिभल्या चाटत बसलेली.

“पुढचे या,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“थांबा हो, तराजू हलतोय!” असं म्हणून साहेब रांगेतून बाहेर पडले आणि पुस्तक काखोटीला मारून घरी परतले.

आता, पहिले दोन भाग सोडून तिसरा, तोही मधूनच, म्हटल्यावर त्यांना ओ की ठो कळेना. ससाण्याच्या डोक्याचा देव आणि करकोच्याच्या डोक्याचा देव यांच्यात त्यांची हमखास गल्लत व्हायची. कोण कुणाचा काका, कोण कधी मेलं आणि मेलं होतं तर आता बोलतंय कोण, काही पत्ता नाही. पण पुस्तक काही खाली ठेववेना. घरात उघड वाचायची सोय नव्हती, बुरशीचं बोलून बसले होते. मग ते न्हाणीघरात नळ सोडून वाचू लागले. (गळती बंद करणं हा ज्यांचा धंदा, त्यांनी!) बाकीच्या वेळी पुस्तक बनियन आणि शर्टाच्या मधे असायचं.

हे गुपित ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना तेवढं ठाऊक होतं. त्यांनी अख्खी मालिका वाचलेली होती. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला आणि साहेब गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलू लागले.

“बाई, हृदय फार जड निघालं हो... नाही, घरी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला कळलं तर काय वाटेल तिला?... छे, शेवटपर्यंत वाचीन असं नाही वाटत. रविवारी मुदत संपतेय ना!”

गॅलरीला लागून स्वयंपाकघराची खिडकी होती आणि खिडकीत बायको भांडी पुसत होती.

दुसऱ्या दिवसापासून घरात काय चाललंय तेच साहेबांना कळेना. सकाळी चहात साखर नाही, आणि तो चहा चक्क पलंगावर! जेवणात नुसत्या उकडलेल्या भाज्या. टॉवेल पलंगावर टाकला तर बायकोनं तो उचलला आणि डोळ्यांना लावला. साहेब चरकले. पुस्तकात देव असेच माणसांच्या अंगात शिरत. बायकोच्या अंगात एखादी देवी शिरली असेल, तर ती कुठल्या डोक्याची, मांजराच्या की सिंहिणीच्या, हे तिच्याकडे टक लावून बघूनही ठरेना.

“असं काय बघताय हो?” तिनं विचारलं.

“काही नाही. तुला मांजर आवडतं का गं?”

बायको पदर तोंडाला लावून आत पळाली.

शनिवारी दुपारी साहेब ऑफिसातून आले, तर लेक दारातच उभी. तिनं त्यांची बॅग घेतली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि शेजारी बसून त्यांचा हात धरला. साहेबांना लख्ख उमगलं. चोरी पकडली गेली होती.

“तुला कळलं?”

“हो. आईनं सांगितलं.”

“आईलाही माहितीये?”

“सगळ्यांनाच माहितीये, बाबा. आजी आणि मामा निघालेत इकडे यायला.”

“एवढ्याशा गोष्टीसाठी?” साहेब ओशाळले. “खरं म्हणजे या वयात मला हे शोभत नाही...”

“वयाचा काय संबंध? कुणालाही होतं.” लेकीनं हात आणखी घट्ट धरला. “कुठवर आलंय?”

“तिसरा.”

“तिसरा?” लेक पांढरी पडली. “आणि पहिला, दुसरा?”

“ते कधी गेले मला कळलंच नाही गं. एकदम तिसराच हातात आला.”

लेक त्यांच्या गळ्यात पडून रडू लागली. “बाबा, मी तुझ्याशी कधी नीट बोललेच नाही!”

साहेबांचेही डोळे भरून आले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. पण लेक एवढं लांबलचक वाक्य बोलली होती, तेव्हा कारण विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

तेवढ्यात मेहुणा आला. मागून सासूबाई. या मेहुण्याशी त्यांचा वर्षभर अबोला होता, पण त्यानं आल्या आल्या “भावोजी!” म्हणून कडकडून मिठी मारली आणि तसाच दचकून मागे सरला.

“ताई! यांची छाती लाकडासारखी झालीय गं!”

“जावईबापू, हलू नका,” सासूबाई ओरडल्या. “आडवं करा त्यांना!”

मेहुण्यानं पाय धरले, बायकोनं खांदे धरले, साहेब “अहो, अहो” करत राहिले, आणि या ओढाताणीत शर्टाचं बटण तुटून आजार धप्पकन फरशीवर पडला. मुखपृष्ठ वर. ससाणा. (किंवा करकोचा.)

मेहुण्यानं साहेबांचे पाय सोडले. मग बायकोनं शांतपणे विचारलं, “म्हणजे ‘शेवटपर्यंत वाचीन असं वाटत नाही’ ते...”

“पुस्तक गं. फार जाड आहे.”

मेहुणा तडक निघून गेला. अबोला पुन्हा सुरू झाल्याचं तेवढं जाताना सांगून गेला. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या लांबून आलेच आहे तर राहते आता आठवडाभर. बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांडी आपटल्याचे आवाज येऊ लागले.

लेक तेवढी हसत सुटली होती. हसता हसता फरशीवर बसली आणि पुस्तक उचलून म्हणाली, “तिसऱ्यापासून कुणी सुरू करतं का? काही कळलं तरी का तुला?”

“तसं फारसं नाही. पण तो मुलीचा सल्लागार आहे ना, तो मला फार आवडला,” साहेब खुर्चीत सावरून बसत म्हणाले. “धीरगंभीर, कमी बोलणारा. सगळे त्याला वाट करून देतात. वाचताना सारखं वाटत होतं, हा तर हुबेहूब मीच.”

लेकीनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

“बाबा, तो पाणघोडा आहे. पहिल्याच भागात सांगितलंय.”

आतली भांडी एकदम थांबली.

“काय गं,” बायकोनं आतून विचारलं, “लिहिणारा यांना ओळखतो का?”