बॉबी डेलमारच्या खालचं नाव

शनिवारी दुपारी दीड वाजता ग्लेनिस हॅस्लम बाजारातून परत आली, तेव्हा तिचा नवरा किटलीच्या वाफेवर एक रेकॉर्ड धरून उभा होता. ग्लेनिसनं पिशव्या जमिनीवरच ठेवल्या. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात नॉर्मननं रेकॉर्ड स्वयंपाकघरात आणल्याचं तिला आठवत नव्हतं. पाहुण्यांनासुद्धा तो आधी हात धुवायला लावायचा, आणि हात धुऊन झाल्यावरही रेकॉर्ड लांबूनच दाखवायचा.

"नॉर्मन, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"बोलू नकोस. हात हलतो."

"ती बॉबी डेलमारची तर नाही?"

"तीच आहे," नॉर्मन म्हणाला. त्याचा आवाज अगदी रडवेला झाला होता.

आता ही बॉबी डेलमारची भानगड सांगायलाच हवी. इंग्लंडमधल्या बोल्टनमध्ये आज जिथे गालिच्यांचं दुकान आहे, तिथे पन्नास वर्षांपूर्वी ऑर्किड बॉलरूम होतं. तिथे दर शनिवारी अमेरिकेतल्या काळ्या गायकांची जुनी, विसरलेली 'सोल' गाणी वाजायची. गिरणीतली, कारखान्यातली नऊशे पोरंपोरी घेरदार विजारी घालून, लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडून रात्रभर नाचायची. प्यायला फक्त संत्र्याचं सरबत. पहाटे छतावरून घामाचे थेंब पडायचे, आणि त्या थेंबांसाठी माणसं स्कॉटलंडहून बस करून यायची. या सगळ्यांना नाचवणारा जो एकोणीस वर्षांचा पोस्टमन उंच व्यासपीठावर उभा असायचा, तो आमचा नॉर्मन. त्या दिवसांत त्याला पाहिलेली माणसं अजूनही त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात.

रेकॉर्ड वाजवणाऱ्यांची तेव्हा एक रीत होती. हाती एखादं दुर्मिळ गाणं लागलं, की त्याच्या लेबलवर कोरा कागद चिकटवायचा आणि त्यावर खोटं नाव लिहायचं. तसं केलं नाही, तर शेजारच्या गावातला एखादा डोकावून खरं नाव वाचणार आणि महिन्याभरात तेच गाणं त्याच्या क्लबात वाजणार. जहाजात वजन म्हणून भरून आलेल्या जुन्या मालातून नॉर्मनला लिव्हरपूलमध्ये एक रेकॉर्ड मिळाली. तिची मागची बाजू कोरी होती, आणि तिची दुसरी प्रत आजतागायत जगात कुणी पाहिलेली नाही. गाणारी बाई होती, म्हणून नॉर्मननं मुद्दाम पुरुषाचं नाव लिहिलं: बॉबी डेलमार.

पुढे बॉबीचं बरंच नाव झालं. लीड्सच्या एका गृहस्थानं शिकागोत त्याला भेटून आल्याचं सांगितलं. एका मासिकात त्याचं दोन पानी चरित्र आलं. त्यात त्याला लहानपणी पोलिओ झाला होता, असंही लिहिलेलं होतं. नॉर्मननं यातलं काहीच खोडून काढलं नाही. खरं नाव तो बायकोलाही बोलला नाही. आणि पन्नास वर्षं न बोललेल्या गोष्टीचं जे होतं तेच झालं. नॉर्मन ते स्वतःच विसरला.

"अगं, लेबल निळं होतं एवढंच आठवतंय," तो आता ग्लेनिसला म्हणाला. "आणि चार वाजता डेट्रॉइटहून फोन येणार आहे."

जॅनेल नावाच्या एका मुलीनं डेट्रॉइटहून पत्र पाठवलं होतं. तिची आजी अर्लीन टिबेट्स, वय एक्याऐंशी, स्वयंपाक करताना आयुष्यभर एकच गाणं गुणगुणत आली होती. ऑर्किडमधली एक जुनी फीत कुणीतरी इंटरनेटवर टाकली, आणि त्यात बॉबी डेलमारच्या नावाखाली जॅनेलला तेच गाणं ऐकू आलं. आजीनं एकोणीसशे सहासष्ट साली ते एका गॅरेजात रेकॉर्ड केलं होतं. मग रेकॉर्ड कंपनीच्या मालकाशी तिचं भांडण झालं. मालक म्हणाला, 'तुझं गाणं पुसून टाकतो आणि ओडेसाकडून गाऊन घेतो.' ओडेसा म्हणजे त्याच कंपनीतली दुसरी मुलगी. पुढे कंपनी जळाली, मालक मेला, ओडेसाही गेली. आजी पुन्हा कधी लोकांसमोर गायली नाही. 'आजीला एवढंच जाणून घ्यायचंय,' जॅनेलनं लिहिलं होतं, 'की त्या रेकॉर्डवर नाव कुणाचं आहे. तिचं, की ओडेसाचं.'

ग्लेनिसनं पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि किटली पुन्हा भरली.

कागद मात्र हलायला तयार नव्हता. नॉर्मनचे वडील भिंतींना कागद लावायचं काम करायचे, आणि त्यांची खळ बोल्टनमध्ये प्रसिद्ध होती. पाऊण तास वाफ दिल्यावर बॉबी डेलमार होता तिथेच राहिला. रेकॉर्डनं मात्र कडेनं मान टाकली आणि ती भाजलेल्या पापडासारखी वर वळली.

नॉर्मन मटकन खुर्चीत बसला. ग्लेनिसनं शेजारच्या घराची भिंत वाजवली.

शेजारी एग्बर्ट पिनॉक राहायचा. तो मूळचा जमैकाचा, निवृत्त बसचालक. सत्तरच्या दशकात चर्चच्या तळघरात कपाटाएवढाले स्पीकर लावून तो रेगे संगीत वाजवायचा. त्याच्या माणसांची रीत आणखी कडक. ते कागदबिगद चिकटवत नसत, नाण्यानं लेबलच खरवडून टाकत. तो आला, रेकॉर्ड पाहून त्यानं टोपी काढली आणि मग पोट धरून हसला.

"पापड केलास की रे! आमच्यात बरं असतं गड्या. एकदा खरवडलं की आशाच नाही, म्हणजे त्रासही नाही. माझ्याकडे चाळीस रेकॉर्डी आहेत, एकीचंही नाव मला ठाऊक नाही."

"एग्बर्ट, हसू नकोस. ती बाई वाट बघत असेल."

एग्बर्टनं पत्र वाचलं आणि त्याचं हसणं थांबलं. "काचा आणा दोन," तो म्हणाला. "ओव्हनची भट्टी लावा. अगदी मंद."

"भट्टीत माझा पाय आहे, मैद्याच्या पारीतला, मटणबटाट्याचा," ग्लेनिस म्हणाली.

"मग तो आधी खाऊ या."

भिंतीवरच्या दोन तसबिरींच्या काचा निघाल्या. त्यांतली एक लग्नाची होती. पाय अर्धाकच्चाच बाहेर आला, आणि काचांच्या मध्ये बसून बॉबी डेलमार आत गेला. दहा मिनिटं तिघंही भट्टीच्या दारासमोर गुडघे टेकून बसले होते. त्यांतल्या दोघांच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली होती. मग काचा बाहेर काढून त्यांवर शिवणयंत्र ठेवलं. साडेतीन वाजता उचलून पाहिलं, तर रेकॉर्ड जवळजवळ सपाट झाली होती. नॉर्मननं एग्बर्टला मिठी मारली.

"थांब," एग्बर्ट म्हणाला. "कागद सुटतोय बघ."

खळ अखेर मऊ झाली होती. नॉर्मननं श्वास रोखून नखानं कोपरा उचलला. कागद अलगद, अख्खा सुटून आला. त्याच्या पाठीला चिकटून खालचं निळं लेबलही आलं आणि मधोमध फाटून दोन्ही कागदांचा लगदा झाला. रेकॉर्डवर उघडं काळं प्लास्टिक राहिलं. तिघांनी तो लगदा खिडकीशी धरून आळीपाळीनं पाहिला. एक अक्षर लागत नव्हतं. गाणं दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे, एवढंच एका कोपऱ्यात वाचता आलं.

"पन्नास वर्षं मी ते नाव लपवलं," नॉर्मन म्हणाला, "आणि आज पुसून टाकलं. नऊशे माणसं नाचली, ग्लेनिस. एकालाही त्या बाईचं नाव कळू दिलं नाही मी." तो खरोखरच रडत होता.

बरोबर चार वाजता फोन वाजला. पडद्यावर जॅनेल दिसली आणि तिच्या शेजारी चर्चला निघाल्यासारखी टोपी घातलेली एक म्हातारी बाई.

"हा का तो पोरगा?" म्हातारीनं विचारलं. "हं बाळा, काय लिहिलंय?"

बहात्तर वर्षांच्या बाळानं सगळं कबूल केलं. किटली, भट्टी, लगदा, नाचलेली माणसं, काही लपवलं नाही.

"बरं," अर्लीनबाई म्हणाल्या. "मग लावून दाखव. माझा आवाज मला कळेल."

सगळे बाहेरच्या खोलीत गेले. ऑर्किड बंद झाल्यावर नॉर्मननं तिथलंच यंत्र घरी आणलं होतं. त्यावर त्यानं सुई ठेवली. खोलीत एकदम ढोल घुमले, तुताऱ्या वाजल्या आणि तो आवाज आला. वरच्या पट्टीतला, तरतरीत, धावत सुटलेला. रेकॉर्डला किंचित लाट राहिली होती, तिच्यावर सुई डुलत होती, पण गाणं कुठे अडलं नाही. नॉर्मनच्या अंगावर नेहमीसारखा काटा आला.

गाणं संपलं. अर्लीनबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गाणं माझंच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण ही मी नव्हे. हा पोरसवदा आवाज आहे. माझा आवाज कधीच एवढा बारीक नव्हता, बाळा. ही ओडेसाच. म्हणजे मालकानं बोलल्याप्रमाणे केलंच." मग त्या जॅनेलला म्हणाल्या, "पुरे झालं. बंद कर ते."

"बाई, थांबा!" नॉर्मन म्हणाला.

एग्बर्ट यंत्राजवळ वाकून उभा होता. "नॉर्मन," तो म्हणाला, "एवढी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतोय. तुमची गाणी नेहमी बस सुटल्यासारखी का पळतात रे? आज जवळून ऐकलं. खालच्या सुराला पोटच नाही. ही वेगाची कळ कुठे लावलीस?"

"तिथेच असते ती. ऑर्किडमध्ये थोडं वेगातच वाजवायचो आम्ही, पोरांचे पाय थंड पडू नयेत म्हणून. तेव्हाच चिकटपट्टी लावून टाकली."

"थोडं?" एग्बर्टनं चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि कळ मागे सरकवली. "बाई, कृपा करून आणखी एकदा ऐका. गाणं दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. यानं सव्वादोन मिनिटांत उरकलं."

सुई पुन्हा टेकली. ढोल आता घाई करत नव्हते. तुताऱ्या श्वास घेऊन वाजत होत्या. आणि मग जमिनीखालून यावा तसा एक भरदार, जडशीळ आवाज उठला. त्यानं पहिलाच शब्द असा सावकाश खाली ठेवला, की ग्लेनिसनं तोंडावर हात ठेवला. नॉर्मन खुळ्यासारखा बघत राहिला. हे गाणं त्यानं हजारो वेळा वाजवलं होतं आणि आज तो ते पहिल्यांदा ऐकत होता. त्यात एक बाई कुणाला तरी निरोप देत होती. हे त्याला माहीतच नव्हतं. तिच्या निरोपावर नऊशे माणसांनी गिरक्या घेतल्या होत्या, स्वतःला जमिनीवर झोकून दिलं होतं. एवढं थोर काही आपल्या कपाटात पन्नास वर्षं पडून होतं.

फोनमधून दुसरा आवाज आला. एक्याऐंशी वर्षांचा, थकलेला, फाटलेला, पण तोच. अर्लीनबाई गात होत्या. रेकॉर्डवरच्या मुलीनं जिथे श्वास घेतला, तिथेच त्यांनी घेतला.

गाणं संपलं. एग्बर्टची टोपी केव्हाच हातात आली होती.

"पुसलं नाही त्यानं," अर्लीनबाई म्हणाल्या. "मेला, खोटं बोलला. मीच आहे ती." मग डोळे टिपून त्यांनी विचारलं, "किती माणसं म्हणालास?"

"नऊशे, बाई. दर शनिवारी. आठ वर्षं."

"गाणं केलं त्या वर्षी डेट्रॉइटमध्ये मी अकरा जणांसमोर गायले होते. त्यांतले चार घरचे. आणि ते नऊशे लोक माझ्या गाण्यावर नाचले?"

नॉर्मनची मान खाली गेली. "तुमच्या नाही, बाई. मी पळवलेल्या."

अर्लीनबाईंनी टोपी उचलून पुन्हा डोक्यावर चढवली आणि नीट बसवली.

"मग तेच लाव, बाळा. पळणारं," त्या म्हणाल्या. "आणि फोन जरा मागे धर. तुम्ही तिघं कसे नाचता ते मला बघायचंय."