मशिदीचा हौद

व्यंकटीला गावानं परभणीला पाठवलं, ते मशीद बघायला. चारठाण्याजवळच्या त्याच्या गावात मारुतीच्या देवळाला नवी फरशी घालायची ठरली होती. परभणीच्या एका मोहल्ल्यात नवीन मशीद झाली होती आणि तिची फरशी म्हणे अशी होती, की वाकून बघितलं तर तोंड दिसावं. देवळाचे पंच आबासाहेब यांनी त्याला निघताना बजावलं, की गावाची लाज तुझ्या हातात आहे. पायताण बाहेर काढ, पाय धू, आणि काही झालं तरी डोकं उघडं ठेवू नको. रझाकारीच्या दिवसांना आठ-नऊ वर्षं लोटली होती, जिल्हा मुंबई राज्यात गेला होता, तरी परक्या मोहल्ल्यात माणूस पाऊल जपूनच टाकायचा.

दारात बसलेल्या म्हाताऱ्या राखणदाराला व्यंकटीनं रामराम घातला. तो चुकला असं वाटून वर सलामही केला. राखणदाराचं नाव दस्तगीरमियाँ. त्यानं दोन्ही घेतले. खेड्यातून कुणी आपली फरशी बघायला आलाय हे ऐकून तो इतका खूश झाला, की ही फरशी आपणच घातली असं दोनदा सांगून बसला. मग म्हणाला, आधी हौदावर पाय धुवून घ्या.

हौद अंगणात होता. कमरेएवढा खोल, काठोकाठ भरलेला. वैशाखात मशिदीची विहीर आटायची, म्हणून भिस्ती कुठून कुठून पखालीनं पाणी आणून तो भरत असे. व्यंकटीनं पाय धुतले आणि त्याची नजर मिनारावर गेली. मिनार बघायला मान वर करावी, तर पागोटं मागं घसरे. डोकं उघडं पडू नये म्हणून त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं आणि मिनाराचं टोक दिसेपर्यंत मागं मागं सरकत गेला. एखादा हात मोकळा असता, तर काठ तरी धरता आला असता.

दस्तगीरमियाँ धावत आला तेव्हा व्यंकटी हौदात उभा होता. सगळा चिंब, पागोटं तेवढं कोरडं. त्याला बाहेर पडायची हिंमत होईना. ज्या पाण्यानं लोक हातपाय धुऊन देवापुढं उभे राहतात, त्यात आपण धोतरासकट बसकण मारली.

"तुमचा हौद बाटवला मी," तो म्हणाला.

"कुच नै होता," दस्तगीरमियाँ त्याला हात देत म्हणाला. "बडा हौद है. आदमी गिरने से पानी नापाक नै होता. तुम बैठो, मैं घर से लुंगी लाता."

तो लुंगी आणायला गेला आणि व्यंकटी विचारात पडला. म्हातारा पाहुण्याचं मन राखायलाय. आपल्या आडात कुणी असा पडला असता, तर आपण आड उपसल्याबिगर राहिलो असतो का? तिथं एक बादली होती. ती उचलून व्यंकटी मुकाट्यानं हौद उपसायला लागला.

नमाजेला जरा लवकर आलेल्या एका शिंप्यानं हे पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. व्यंकटीला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटली.

"गाढव पडलं जी हौदात," तो म्हणाला. "दुसरं काय म्हणावं त्याला."

दुसरं वाक्य शिंप्यानं ऐकलंच नाही. त्यानं बाह्या सारल्या आणि शेजारच्या दुकानदारांना हाका मारल्या. लोक डबे, घागरी घेऊन आले. कुणी तरी बुडी मारून तळाचं बूच ओढलं. दोघं जण तावातावानं परटाकडं गेले, कारण मोहल्ल्यात गाढवं त्याचीच. परीट आपली गाढवं मोजून, सगळी जागेवर आहेत हे सांगायला स्वतः आला आणि आलाच आहे तर म्हणून उपसायला लागला. एवढी माणसं झटून कामाला लागलेली बघून व्यंकटीला भरून आलं. मशिदीतली माणसं किती सोवळ्याची, असं त्याला वाटलं.

दस्तगीरमियाँ लुंगी घेऊन परतला तेव्हा हौदाचा तळ दिसत होता. गाढव पडल्याचं ऐकून त्यानं विचारलं, "किधर है गधा?"

सगळ्यांनी व्यंकटीकडं बघितलं. त्यानं हळूच हात वर केला.

"मीच हाय जी ते."

कुणी हसलं नाही, कारण इमामसाहेब दारात उभे होते आणि नमाजेची वेळ झाली होती. भिस्ती लग्नाला सेलूला गेला होता. भर वैशाखात पाणी होतं ते फक्त भिंतीपलीकडं, सुमनबाईंच्या विहिरीला. पण तिकडं जायचं कुणी नाव काढेना. मशिदीची भिंत वर गेल्यापासून सुमनबाईंच्या अंगणातलं पापडाचं ऊन गेलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. मोठमोठी माणसं समजूत घालून थकली होती.

व्यंकटीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं लुंगी गुंडाळली, दोन घागरी उचलल्या आणि शेजारचं दार वाजवलं.

"माय, पाणी पायजे. देवाच्या कामाला हाय. माझ्याच्यानं लय मोठी चूक झाली."

लुंगीवर पागोटं घातलेल्या त्या माणसाकडं सुमनबाई बघतच राहिल्या. त्यांनी खोदून विचारलं, तेव्हा त्यानं मिनारापासून परटापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. मग स्वतः पोहरा विहिरीत सोडला.

"दोन वरसं झाली," दोर ओढत त्या म्हणाल्या, "हे लोक मला शहाणपण सांगायला येतेत. पाणी मागायला कुणी आलंच न्हाई. जा, सांग त्यांना. घागरी घेऊन या म्हणावं. मागितल्यावर न्हाई म्हणणारी न्हाई मी."

घागरींची रांग लागली. नमाज जराशी उशिरा झाली, पण झाली. तोवर व्यंकटी मागं भिंतीशी हात जोडून बसला, मग जोडावेत की नाही या शंकेनं त्यानं ते मांडीखाली घेतले. नंतर दस्तगीरमियाँनं त्याला फरशी दाखवली, चहा पाजला आणि धोतर वाळल्यावर मोटारअड्ड्यापर्यंत पोचवायलाही आला. व्यंकटी वाटभर माफी मागत होता. पुन्हा इकडं पाय ठेवणार नाही, असं म्हणाला.

म्हातारा घुटमळला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं आवाज खाली आणला.

"ऐसा नक्को करो. पिछली दिवारवाले किशनराव भी हमसे बात नै करते. दिवाळीके बाद एक बार आके जाओ."