गल्ल्यावरची जाळी

नवीन यंत्र सुरू झालं आणि पहिल्याच दुपारी देवाजींना आपल्या बायकोचा आवाज ऐकू आला. लग्न झालं, दुकान थाटलं, पोरगा इंजिनियर झाला, पण दुकानाच्या वेळेत हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. गल्ल्याच्या वर भिंतीत बसवलेल्या चौकोनी जाळीतून तो आला, शेजारी बसून कोणी बोलावं इतका स्पष्ट.

"आले पाहा गिरिधरबाबू. अर्धीच प्लेट मागतीन अन् रस्सा तीनदा घेतीन."

सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गिरिधरबाबू त्या वेळी नेमके गल्ल्यासमोर उभे होते. त्यांनी जाळीकडे पाहिलं, मग देवाजींकडे पाहिलं, आणि खाली मान घालून फुल प्लेट मागवली.

देवाजींचं सावजी भोजनालय नागपूरच्या सक्करदऱ्यात. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, मधल्या भिंतीत ताटं द्यायची खिडकी. स्वयंपाकघरात परवापर्यंत एक जुना एक्झॉस्ट पंखा होता. तो चालू झाला की दुकान नव्हे, पिठाची गिरणी वाटायची. गिऱ्हाईकं एकमेकांच्या वरताण ओरडून भाकर मागत, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. त्या घरघरीत स्वयंपाक करणाऱ्या त्यांच्या बायकोला, यमुनाबाईंना, एक सवय लागली होती. खिडकीतून हॉलमध्ये बघायचं आणि जे दिसेल त्यावर भांड्यांशी बोलायचं. भांडी कोणाला सांगत नाहीत आणि पंखा कोणाला ऐकू देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पंखा काढला तो केयूरने. त्यांचा हा मुलगा हिंगण्याला अशीच यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता.

"बाबा, तो पंखा सारी गरम हवा बाहेर फेकते. मंग तितकीच हवा पुढच्या दारातून आत येते, थंडीत गार अन् उन्हाळ्यात लू. हे यंत्र जाणाऱ्या हवेतली ऊब काढून घेते अन् येणाऱ्या हवेले देते. मधात नुसते पातळ पत्रे. हवा हवेले लागत नाही, वास येत नाही, फक्त ऊब इकडची तिकडं जाते."

"अन् आवाज?" देवाजींनी विचारलं होतं.

"आवाज तं नाहीच. एकदम सायलेंट."

यंत्राचा आवाज नव्हता, हे खरंच होतं. जानेवारीच्या थंडीत हॉल कसा उबदार झाला होता. फक्त यमुनाबाईंचा आवाज उबेबरोबर पत्र्यातून निघून गल्ल्यावर उतरेल, हे इंजिनियरच्या डोक्यात आलं नव्हतं.

"निळा शर्टवाला. काल बायकोसंग आला तं वरण-भात खाल्ला, आज एकटा हाय तं तर्री ओरपून राहिला."

निळ्या शर्टवाल्याला ठसका लागला. देवाजींनी घाईघाईने त्याला पाणी दिलं.

"अन् हा माणूस पाहा. बसला गल्ल्यावर. नाकावर माशी बसली तरी हात हालवणार नाही."

आता सगळा हॉल देवाजींकडे बघत होता. देवाजींनी नाकावरून हात फिरवला, न जाणो खरंच माशी असेल.

मग दुपार कलली, गर्दी ओसरली, आणि जाळीतून अगदी हळू आवाज आला. "जेवून घ्या आता. थंडं होऊन राहिलं." भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला. मग, "नाही येत. रोज बोलावते, हा माणूस काही येत नाही."

देवाजी खुर्चीत खिळून बसले. बायको आपल्याला कधी जेवायला बोलवत नाही, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं, म्हणून ते सगळ्यांच्या नंतर, एकटेच, गल्ल्यावर ताट घेऊन जेवायचे. बोलवत नाही तर नाही, आपण काही मागायला जाणार नाही, असा त्यांचा बाणा होता. आणि ती रोज बोलवत होती. त्यांना फार वाईट वाटलं.

उठून जावं, तर यमुनाबाईंना कळणार की जाळीतून सगळं ऐकू येतं. आणि यमुनाबाई म्हणजे लग्नकार्यातसुद्धा मानेनेच हो-नाही सांगणारी बाई. आपलं बोलणं सगळ्या हॉलने ऐकलं हे कळलं तर ती घरी जाऊन दार लावून घेईल, पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. आणि तिच्याशिवाय दुकान कसलं? देवाजींना जिरं आणि शहाजिरं यातला फरकही सांगता येत नव्हता.

म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी जाळीत पोतं कोंबलं.

तासाभरात हॉल कोंदट झाला, आणि यंत्रावरचा लाल दिवा लागला. संध्याकाळी केयूर कारखान्यातून थेट दुकानात आला.

"बाबा, जाळी काहून बंद केली?"

"गार वारा लागत होता, गा."

"यातून गरम हवा येते, बाबा."

"मंग गरम लागत असन."

केयूरने बापाकडे नीट निरखून पाहिलं, पोतं काढलं आणि मोटरसायकलला बांधून घरी घेऊन गेला.

इकडे गिऱ्हाइकांना गोडी लागली. निळा शर्टवाला मित्रांना घेऊन आला. गल्ल्याजवळची टेबलं आधी भरू लागली. बोललं तर ऐकू येणार नाही, म्हणून लोक गुपचूप जेवू लागले. कोणी नवखा मोठ्याने भाकर मागायचा, तर गिरिधरबाबू ओठांवर बोट ठेवून त्याला दटावायचे आणि बोटांनीच एक की दोन ते विचारायचे. सावजीच्या हॉलमध्ये वाचनालयासारखी शांतता पसरली. देवाजी तेवढे गल्ल्यावर स्वतःशी पुटपुटत बसायचे, जुन्या सवयीने.

त्या शांततेचा स्वयंपाकघरात काय अर्थ लागत असेल, हे मात्र कोणाच्या मनात आलं नाही. तीन-चार दिवसांतच यमुनाबाईंचा सूर उतरला. त्या गिऱ्हाइकांवर बोलेनाशा झाल्या.

"कोणी बोलूनच नाही राहिलं. पहिले कसे ओरडत होते, आण म्हणे रस्सा. आता खाली मान घालून खाते अन् जाते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिखट कमी केलं. तिसऱ्या दिवशी खसखस वाढवली. लोक आणखीच कान देऊन, आणखीच चुपचाप जेवले. आणि संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात जाळीतून आलं, "हात गेला माया, पहिलेसारखी चव नाही उरली. संक्रांत झाली का केयूरले सांगते, दुसरा स्वयंपाकी शोध म्हणून. मी नाही येत आता."

हॉलमधले घास हातातच राहिले. गिरिधरबाबू ताट सोडून उठले, गल्ल्याशी आले आणि कुजबुजले, "देवाजी, ऐकलं ना बाई काय म्हणून राहिली? लोक तिलेच ऐकासाठी चूप बसते, हे सांगा ना तिले."

"कसं सांगू, गिरिधरबाबू? तिच्यापुढं गेलो का शब्दच फुटत नाही." देवाजी पुटपुटले. "तिचा हात कुठचा जाते? मी आजही तिच्या हातच्या रश्शाचा पयला घास घेतो अन् डोळे मिटतो. ती नाही आली तं मी कोणासाठी बसू इथं? दुकान बंद करतो अन् तिच्यासंग घरी बसतो. ती बोलन, मी ऐकन."

हे बोलून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एवढं लांबलचक ते आजवर कोणाशी बोलले नव्हते. गिरिधरबाबूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते हात धुवायला गेले. त्या दिवशी जाळीतून पुढे काही आलं नाही, जेवायची हाकसुद्धा नाही. देवाजींना रात्रभर चैन पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली. देवाजी जाळीखाली कान देऊन बसले होते.

"जेवून घ्या आता. थंडं होऊन राहिलं."

देवाजी उठले. काय होईल ते होवो. "गिरिधरबाबू, जरा गल्ल्यावर बसा," एवढंच म्हणून ते स्वयंपाकघरात गेले.

यमुनाबाईंनी वर पाहिलं नाही, नुसता पाट सरकवला. समोर दोन ताटं वाढलेली होती. देवाजी बसले, पण घास घेणार तोच त्यांच्या डोक्यावर, यंत्राच्या पत्र्यातून, कोणीतरी स्वच्छ आवाजात पुटपुटलं, "सुट्टे कुठं ठेवते हा देवाजी? काही ताळतंत्र नाही या गल्ल्याले."

देवाजींनी यंत्राकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. हात ताटातच राहिला.

"तुले... गल्ल्यावरचं ऐकू येते?"

"पयल्या दिवसापासून."

"मी जे पुटपुटतो, ते सारं?"

"सारं. काल गिरिधरबाबूसंग बोलले ते बी. तवा समजलं लोक काहून चूप बसते."

"साऱ्या हॉलनं तुयं बोलणं ऐकलं, लाज नाही वाटली?"

"वाटली ना. रात्रभर वाटली. मंग म्हटलं, खोटं तं काहीच बोलली नोती मी." त्यांनी देवाजींच्या ताटात रस्सा वाढला. रंग पुन्हा पहिल्यासारखा लालभडक होता. "दुसऱ्या स्वयंपाक्याचं केयूरले काही सांगू नका. संक्रांतीले तिळाचं सामान मात्र आणा."

देवाजींनी घास घेतला आणि डोळे मिटले. मग त्यांना राहवेना.

"पयल्या दिवसापासून ऐकू येते, तं मले सांगितलं काहून नाही वं?"

"तुमी बोलत होते ना," यमुनाबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी ऐकून राहिली होती. मधात कशाले बोलू?"